बोनेटखाली लिथियम नको: चंद्रपूरच्या उन्हाळ्यातल्या एका लसगाडीच्या नोंदी

६ एप्रिल

गुरांच्या लसीकरणाला फिरणारी डिझेल बोलेरो गॅरेजला आली. मागे १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज, त्यात लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाच्या लसी. त्या २ ते ८ अंशांतच राहायला हव्यात. आजवर फ्रिज गाडीच्या स्टार्टर बॅटरीवरच चालत होता, त्यामुळे गाडी रात्री गावात मुक्कामाला राहिली की सकाळी धक्का मारावा लागे.

डॉक्टर मॅडमनी १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आधीच घेऊन ठेवली आहे. मागणी अशी, की ती बोनेटखालच्या रिकाम्या कोपऱ्यात बसवा. मागे औषधपेट्या, दोरखंड, फ्रिज आणि दोन माणसं. वीतभरही जागा मोकळी नाही. कोपऱ्यात बॅटरी मापानं अगदी बरोबर बसते, अल्टरनेटर हाताच्या अंतरावर, केबल कमी लागेल. कागदावर याहून सोयीची जागा नाही.

माझं मन तयार नाही. पण नुसतं "नको" म्हणून चालणार नाही. मॅडमना जागेची खरी अडचण आहे आणि त्यांना आकडे दाखवल्याशिवाय पटणार नाही, पटूही नये. मोजूनच ठरवायचं असं सांगितलं. त्यांनी गाडी आठवड्यातून काही दिवस चाचणीला द्यायचं कबूल केलं.

फ्रिजचा हिशेब: कॉम्प्रेसर साधारण ४५ वॅटचा. या दिवसांत दर तासातली ४० मिनिटं तो चालूच असतो, म्हणजे सरासरी ३० वॅट. २४ तासांचे ७२० वॅट-अवर, म्हणजे या १२.८ व्होल्टच्या बॅटरीतून ५६ अँपिअर-अवर. क्षमता पुरेशी आहे. प्रश्न फक्त जागेचा.

८ एप्रिल

बॅटरीचे कागद नीट वाचले. विकणाऱ्यानं मॅडमना सांगितलं होतं, "७० अंशांपर्यंत चालते." कागदात ७० चा आकडा आहे, पण तो बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं राखणदार सर्किट, बॅटरी तोडतो तो आकडा आहे. सेलसाठी मर्यादा वेगळ्या दिल्या आहेत: डिस्चार्ज उणे २० ते ६०, चार्जिंग ० ते ४५. ही बॅटरी लोह-फॉस्फेट या लिथियमच्या जातीची, आणि तशा सेलच्या बहुतेक कागदांवर हेच आकडे दिसतात.

हे दोन आकडे एकत्र वाचले की बोनेटखालच्या जागेतली मुख्य अडचण समोर येते. चार्जिंग होणार गाडी चालू असताना, आणि गाडी चालू असतानाच ती जागा तापलेली. बीएमएस शहाणा असेल तर नेमका त्याच वेळी चार्जिंग बंद करेल आणि बॅटरी रिकामीच राहील. बीएमएसची मर्यादा ढिली असेल तर चार्जिंग होत राहील आणि सेल झिजत जातील. शिवाय बीएमएस वीज तोडू शकतो, बॅटरीला गरम जागेतून उचलून दुसरीकडे ठेवू शकत नाही. वीज तुटलेली असतानाही सेल तिथेच शिजत असतात.

मॅडमनी विचारलं, "पण लोह-फॉस्फेट सुरक्षित असते ना?" असते. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठात शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटानं हे रसायन पुढे आणलं. यातला ऑक्सिजन फॉस्फरसशी इतका घट्ट बांधलेला असतो, की निकेल-कोबाल्टच्या सेलसारखा तो सहज सुटत नाही. म्हणून आग लागण्याचा धोका बराच कमी. पण हा गुण धन ध्रुवाचा. आतलं द्रव लिथियमच्या सगळ्या सेलमध्ये जवळपास एकाच जातीचं: कार्बोनेट द्रावक आणि त्यात लिथियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेट हा क्षार. साधारण ६० अंशांच्या पुढे हा क्षार टिकत नाही, ओलाव्याचा अंश मिळाला तर हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं. त्यानं धन ध्रुवातलं लोखंड विरघळतं आणि ग्रॅफाइटवर जाऊन बसतं. ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर जाड होत जातो आणि प्रत्येक वेळी थोडं लिथियम कायमचं गिळतो. आग लागत नाही, धूर निघत नाही, फक्त दोन-तीन उन्हाळ्यांत १०० ची बॅटरी ६० ची होते. ढोबळ नियम असा, की दर १० अंशांना झीज दुप्पट. ३५ अंशांत जी बॅटरी दहा वर्षं टिकली असती, ती ६५ अंशांत सव्वा वर्षाची.

११ एप्रिल

सेन्सर तपासले. डीएस१८बी२० जातीचे, वायरसकट, १२५ अंशांपर्यंत मोजणारे. बर्फाच्या पाण्यात आणि उकळत्या पाण्यात सगळे बुडवून पाहिले. एक सेन्सर दीड अंश जास्त दाखवत होता, तो बाजूला ठेवला. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते. देशभर बातमी झाली आणि मग हवामान खात्यानं सेन्सरच बिघडल्याचं सांगितलं. म्हणून आधी सेन्सर, मग मोजमाप.

या सेन्सरची आणखी एक खोड आहे. वीज नुकतीच लागली असेल आणि मोजणी अजून झाली नसेल, तर तो ८५.० असा आकडा देतो. बर्फात बुडवलेला असला तरी. बोनेटखाली ८५ हा आकडा अगदी खरा वाटावा असा, त्यामुळे इथे तो फसवा. स्टार्टर फिरताना व्होल्टेज पडतं आणि सेन्सर पुन्हा सुरू होतात, तेव्हा तर तो हमखास येणार. नोंदयंत्रात नेमका ८५.० आला की ती नोंद गाळायची, असं लिहून टाकलं.

१२ एप्रिल

मॅडमची नवी बॅटरी चाचणीसाठी भाजायची नाही. तिच्याऐवजी डमी.

बॅटरीचं वजन १२ किलो. सेलची उष्णता धरून ठेवण्याची ताकद किलोमागे साधारण १ किलोज्यूल, म्हणजे पूर्ण बॅटरी १ अंश तापायला १२ किलोज्यूल. कोरड्या वाळूची ताकद ०.८, म्हणून १५ किलो वाळू घेतली की हिशेब जुळतो. बॅटरीच्याच मापाचा प्लॅस्टिकचा डबा मिळाला, वाळूनं तो बराचसा भरला. मधोमध २० ओहमचा वायरवाउंड रेझिस्टर पुरला. गाडी चालू असताना त्यात सुमारे ९ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे ३० अँपिअरनं चार्ज होताना बॅटरी स्वतः जेवढी तापेल साधारण तेवढी. सेन्सर असे: डब्याच्या इंजिनाकडच्या बाजूला एक, मधे एक, कोपऱ्यातल्या हवेत एक, आणि आरशाच्या मागे सावलीत बाहेरच्या हवेचा एक.

वाळू सेलपेक्षा उष्णता कमी वाहते, म्हणून मधला आकडा खऱ्या बॅटरीपेक्षा मागे राहील. निर्णय घेताना कडेचा आकडाही तितकाच धरायचा.

१५ एप्रिल

पहिली फेरी. पडोलीहून निघून मूल, तिथून सिंदेवाहीकडे, लसीकरणाचा नेहमीचा दिवस. बाहेर ४२.

मोकळ्या रस्त्यावर कोपऱ्यातली हवा ६० ते ६३. फाटकावर गाडी चालूच ठेवून थांबलो तेव्हा ७४. हे अपेक्षित होतं. पुढचं मात्र इतक्या ठळकपणे दिसेल असं वाटलं नव्हतं.

मूलला गाडी बंद केली. ड्रायव्हर भाऊ म्हणाले, "आता पाहा जी. इंजिन बंद केलं का बोनेट अजूनच तापते. मी तर हात नाही लावत अर्धा घंटा." बरोबर होतं. बंद केल्यावर पंखा थांबला, पाणी फिरणं थांबलं, समोरून येणारी हवा थांबली, पण टर्बो आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं लोखंड काही शे अंशांवरच होतं. त्याची सगळी उष्णता बोनेटखाली कोंडली. पाव तासात कोपऱ्यातली हवा ८८ वर गेली. दीड तासानंतरही ६० च्या वर होती. डमीची इंजिनाकडची बाजू ६९ पर्यंत चढली. मधला आकडा सावकाश चढत गेला, आणि गाडी परतीला निघाली तेव्हा ५७ वर होता. तेव्हाच चार्जिंग सुरू व्हायची वेळ.

रात्री दहाला मधे ४३. सकाळी सहाला ३३, म्हणजे बाहेरच्या हवेइतकं. दिवसभरात चार्जिंगला परवानगी मिळाली असती असा वेळ म्हणजे सकाळचा पहिला तास. बस.

जे लोक इंजिन चालू असताना बोनेट उघडून, लेझर थर्मामीटर मारून "५५ आहे, चालेल" म्हणतात, ते चुकीच्या वेळी मोजतात. बोनेट उघडलं की हवा सुटते, आणि सर्वांत वाईट वेळ तर गाडी बंद केल्यानंतरची. नोंदयंत्र लावून, बोनेट बंद ठेवून, पूर्ण दिवस मोजल्याशिवाय या जागेबद्दल काहीही बोलू नये, असं मी आता प्रत्येकाला सांगणार.

१६ एप्रिल

आलेख मॅडमना दाखवला. त्यांचा पहिला प्रश्न रास्त होता: "मग कंपनीची बॅटरी तिथेच कशी असते?" ती असते समोरच्या जाळीजवळ, टर्बोपासून दूर, आणि लेड-ॲसिड आहे. तीही उन्हाळ्यात पाणी सोडते आणि थंड भागातल्यापेक्षा लवकर मरते, पण गरम जागेत चार्ज घेणं तिला लिथियमपेक्षा जास्त सोसतं. आपला रिकामा कोपरा टर्बोच्या बाजूला आहे. काही गाड्यांत कंपन्या बॅटरी डिकीत किंवा सीटखाली नेतात, त्यामागे वजनाचा तोल असतो तसं उष्णतेचंही कारण असतं.

दुसरा प्रश्न: "झाकून, गुंडाळून जमणार नाही का?" करून पाहू म्हटलं.

१९ एप्रिल

टर्बो आणि डबा यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा, दोन्ही बाजूंनी हवा खेळेल अशी फट ठेवून. डब्याभोवती १२ मिलिमीटरचा नायट्रिल रबराचा फोम. तोच रस्ता, बाहेर ४३.

पत्र्यानं चांगलं काम केलं. इंजिनाकडच्या बाजूचा फटका थेट किरणांचा होता, तो बराच तुटला. फोमनंही उच्चांक खाली आणला: दुपारी बंद केल्यानंतर मधे ४७ पर्यंतच गेलं. इथेच थांबलो असतो तर सगळे खूश झाले असते. पण संध्याकाळपर्यंत आकडा चढतच राहिला, परत आलो तेव्हा ५४, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अजून ४१. फोम आत येणारी उष्णता अडवतो तसा बाहेर जाणारीही अडवतो. दिवसाची शिखरं कापली जातात, रात्रीच्या दऱ्याही बुजतात, सरासरी तिथेच राहते. वर चार्जिंगची स्वतःची उष्णता आत कोंडते. आणि झीज ठरते मुख्यतः बॅटरी किती तास किती गरम राहिली यावर. सकाळचा तो एक तास, जो आधी चार्जिंगला मिळत होता, तोही आता आखडला.

पुढचा विचार पंखा आणि समोरून हवेची नळी. यावर वेळ घालवला नाही. नळीतून येणारी हवाच ४३ ची, रस्त्याच्या डांबरालगत त्याहून जास्त. ४५ ची मर्यादा असलेल्या वस्तूला ४३ च्या हवेनं थंड करायला उरतं काय? महाबळेश्वरला हा उपाय चालेल. चंद्रपुरात, निदान मार्च ते जून, नाही.

२३ एप्रिल

बोनेट सोडलं. पण केबिन आपोआप थंड असते हे गृहीत धरायचं नाही. डमी मागच्या डाव्या बाकाखाली ठेवला, सायलेन्सरचा पाइप उजवीकडून जातो म्हणून डावी बाजू. गाडी काचा बंद करून भर उन्हात उभी केली, मुद्दाम.

दुपारी तीनला डोक्याच्या उंचीवर केबिनची हवा ६१. बाकाखाली ४७. डमीच्या मधे जास्तीत जास्त ४२. गरम हवा वर राहते आणि गाडीच्या तळाचा पत्रा खालच्या सावलीला लागून असतो, त्याचा फायदा. पुढच्या वेळी कडुनिंबाच्या सावलीत काचा दोन बोटं उघड्या ठेवून: बाकाखाली ४१, मधे ३८. चालत्या गाडीत खिडक्या उघड्या असताना ४० च्या आसपास.

मर्यादेच्या आत आहे, पण फार आत नाही. सावलीत उभी करणं हा सल्ला म्हणून न ठेवता वापराच्या सूचनेत लिहायचं.

२७ एप्रिल

ठरलं. बॅटरी बाकाखाली. बाकाखालच्या दोरखंडाच्या पेट्या टपावरच्या कॅरिअरवर. भाऊंनी स्वतःच हा मार्ग सुचवला. बोनेटखालच्या कोपऱ्यात काही बसवायचं नाही.

२ मे

माणसं बसतात त्या जागेत बॅटरी आणली, म्हणजे नवी जबाबदारी आली. लोह-फॉस्फेट सेल सहसा पेटत नाही, पण बिघडला तर झडप उघडून वायू सोडतो. त्यात हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, द्रावकाची वाफ. बंद केबिनमध्ये हे विषारीही आणि ज्वलनशीलही. म्हणून २ मिलिमीटर पत्र्याची पेटी, झाकणाला सिलिकॉनची गॅस्केट, आणि पेटीतून एक नळी थेट गाडीच्या तळाखाली बाहेर. केबल जिथून आत जातात तिथे फट बंद करणारे घट्ट ग्लँड.

२०२२ मध्ये इलेक्ट्रिक स्कूटरांना आगी लागल्यानंतर एआयएस-१५६ या बॅटरी-सुरक्षेच्या मानकाचे नियम कडक झाले, पण ते गाडी चालवणाऱ्या बॅटरीसाठी आहेत. अशा जोडबॅटरीची तपासणी कोणी येऊन करणार नाही. ती आपणच करायची, म्हणून जास्त काटेकोर.

बसवणी: १२ किलोची बॅटरी अपघाताच्या धक्क्यात, २० पट गुरुत्व धरलं, तर २४० किलोच्या ओढीनं सुटायला बघते. सीटबेल्टच्या पट्ट्यानं हे होत नाही. गाडीच्या तळातून चार एम८ (८ मिलिमीटरचे) बोल्ट, खाली ३ मिलिमीटरच्या पट्ट्या. ड्रिल लावण्याआधी गाडी वर घेऊन डिझेलची नळी आणि ब्रेकपाइप कुठून जातो ते खडूनं आखलं.

४ मे

केबल. स्टार्टर बॅटरीपासून बाकापर्यंत साडेचार मीटर, जाऊन-येऊन नऊ. १६ चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध मीटरमागे १.१५ मिलिओहम, म्हणजे ३५ अँपिअरला सुमारे ०.३६ व्होल्टचा पात. मधे डीसी-डीसी चार्जर आहे (एका बॅटरीच्या विजेवरून दुसरी ठरावीक व्होल्टेजनं भरणारा), तो हे भरून काढतो.

बोनेटखालच्या तुकड्याला घरगुती पीव्हीसी वायर वापरायची नाही. तिची मर्यादा ७० अंश, आणि आपण तिथे ८८ मोजले आहेत. क्रॉस-लिंक्ड आवरणाची, १२५ अंशांची केबल घेतली, वरून कॉरुगेटेड नळी, फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकात रबरी ग्रोमेट. दोन्ही टोकांना ६० अँपिअरचे फ्यूज, कारण दोन्ही टोकांना बॅटरी आहे: केबल मधे कुठेही घासली तर दोन्ही बाजूंनी करंट धावेल. लग (केबलच्या टोकाची जोडणी) हायड्रॉलिक क्रिम्परनं दाबले, हातोडीनं ठोकलेले लग उष्णतेत ढिले पडतात.

५ मे

चार्जर का, नुसता रिले का नाही: रिलेनं दोन बॅटऱ्या थेट जोडल्या तर लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी, की ती अल्टरनेटरकडून मागेल तेवढं ओढते. गाडी उभी, इंजिन मंद, अल्टरनेटरचा पंखाही मंद, आणि करंट मात्र पूर्ण. वेटोळी जळतात. शिवाय बीएमएसनं मधेच बॅटरी तोडली तर अल्टरनेटरवरचा भार एकदम जातो आणि व्होल्टेज उसळतं, डायोड जातात. ३० अँपिअरचा चार्जर दोन्ही टाळतो. तो बाकाच्या बाजूला उभा बसवला, हवा लागेल असा. चार्जरही गरम जागेत आपली ताकद कमी करतो, म्हणून त्यालाही बोनेटखाली जागा नाही.

सेटिंग: चार्जिंग १४.६ ऐवजी १४.२ व्होल्टपर्यंत, फ्लोट (भरल्यानंतर धरून ठेवायचं व्होल्टेज) १३.५. उन्हाळ्यात काठोकाठ भरून ठेवलेली बॅटरी अर्ध्या भरलेल्यापेक्षा लवकर झिजते. शिबिर नसेल त्या आठवड्यात चार्जर बंद ठेवायला भाऊंना स्विच दिला.

चार्जर सुरू करणारी इग्निशनची वायर ४५ अंशांना उघडणाऱ्या बायमेटल स्विचमधून नेली, स्विच बॅटरीच्या अंगाला चिकटवला. कोणत्याही सॉफ्टवेअरवर न विसंबता चार्जिंग थांबेल. बीएमएसचं संरक्षण त्याच्या मागे, शेवटचं.

९ मे

खऱ्या बॅटरीसह पूर्ण दिवस. बाहेर ४४. बॅटरीचा उच्चांक ४१, फ्रिज ३ ते ६ अंशांत. सकाळी स्टार्टर पहिल्याच झटक्यात. मॅडमनी लसींच्या नोंदवहीत आता बॅटरीच्या तापमानाचाही रकाना आखला आहे. ही कल्पना त्यांची, आणि फार चांगली.

२१ मे

उष्णतेच्या लाटेनंतरची तपासणी. एका शिबिरात सावली मिळाली नव्हती, तेव्हा बायमेटल उघडला, परतीला काही वेळ चार्जिंग झालं नाही, केबिन निवल्यावर आपोआप सुरू झालं. बॅटरी तोवर ५० टक्क्यांच्या खाली गेली नव्हती. फ्रिजची नोंद सरळ.

सगळे लग पुन्हा आवळले, एकही ढिला नव्हता. बोनेटखालच्या फ्यूजच्या झाकणाचं प्लॅस्टिक थोडं वाकलं आहे, तो फ्यूजधारक जाळीच्या बाजूला हलवायचा. व्हेंटनळीचं तोंड मागच्या चाकासमोर येतं, पावसाळ्यात चिखलानं बुजेल. ते आत वळवायला एक कोपरजोड मागवला आहे, आला की बसवायचा.